बारा फुटांचं गणित

मिनिआपोलिसहून गाडी काढली की अडीच-पावणेतीन तासांत डुलुथ येतं. लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाचं, टेकडीवरून एकदम पाण्यात उतरणारं गाव. तळं म्हणायचं खरं, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि थंडीत लाटा किनाऱ्यावर अशा आपटतात की समुद्रच वाटावा. लाँग वीकेंडला लोक तिथे किनारा, धबधबे, दीपस्तंभ बघायला जातात. मी गेलो तेव्हा पाऊस लागला, आणि पावसात काय करायचं म्हणून रेल्वे म्युझियममध्ये शिरलो.

तिथे २२७ नंबरचं वाफेचं इंजिन उभं आहे. 'उभं आहे' हे शब्द कमी पडतात. टेंडरसकट लांबी सुमारे १२८ फूट. चाकांचे दोन वेगवेगळे संच, प्रत्येकात आठ मोठी चाकं, पुढे दोन, मागे चार. नुसत्या इंजिनाचं वजन तीनशे टनांच्या वर, कोळसा-पाणी भरलेलं टेंडर जोडलं तर पाचशेच्या वर. म्युझियमवाल्यांनी खाली मोटर बसवली आहे. ठरावीक वेळाने ती चाकं जागच्या जागी फिरतात, स्पीकरवर वाफेचा आवाज येतो आणि जमलेली मुलं (आणि त्यांचे बाबा) आ वासून बघत राहतात. मीही त्यातलाच.

पाऊस थांबल्यावर खाली बंदराकडे गेलो, तर खनिजाची खरीखुरी गाडी दिसली आणि मला हसूच आलं. इंजिनांच्या मागे वाघिणींची भलीमोठी रांग, पण एकेक वाघीण एवढीशी! आखूड, बुटकी, जेमतेम दोन मोटारगाड्या पुढेमागे लावल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. अमेरिकेत सगळंच अवाढव्य असतं, मालगाडीचे डबेही. मग यांच्याच नशिबी हे ठेंगणेपण का? मोठ्या वाघिणी केल्या असत्या तर चाकं कमी लागली असती, जोड कमी, देखभाल कमी. कोणीतरी शंभर वर्षांत हा साधा विचार केला नसेल?

केला असणार. तरी वाघीण लांब झाली नाही. का झाली नाही, हे शोधता शोधता मी या रेल्वेच्या इतिहासात असा अडकलो की पुढचे तीन शनिवार त्यातच गेले. ते सगळं आता तुमच्या माथी मारतोय.

रेल्वेचं पूर्ण नाव डुलुथ, मिसाबे अँड आयर्न रेंज. या नावात दोन वेगळ्या रेल्वे आहेत.

पहिली, डुलुथ अँड आयर्न रेंज. मिनेसोटाच्या ईशान्येला व्हर्मिलियन नावाची खनिजाची रांग आहे, तिथे सूदान नावाची खाण (आफ्रिकेतला नव्हे) १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला उघडली. पेनसिल्व्हेनियाचे भांडवलदार शार्लमेन टॉवर यांनी पैसा घातला. खाणीपासून लेक सुपीरियरवरच्या टू हार्बर्सपर्यंत ६८ मैल रूळ टाकले आणि ३१ जुलै १८८४ला खनिजाची पहिली गाडी निघाली. मिनेसोटातून बाहेर पडलेलं हे पहिलं लोहखनिज.

गंमत अशी की टू हार्बर्सला डुलुथशी जोडणारे रूळ १८८६पर्यंत नव्हते. मग इंजिन आणायचं कुठून? पाण्यातून! १८८३मध्ये बाल्डविन कंपनीचं छोटं इंजिन, नंबर ३, तराफ्यावर चढवून टगबोटीने ओढत आणलं. वाटेत वादळ झालं. कुऱ्हाडी हातात घेऊन लोक दोर तोडायच्या तयारीत उभे होते, असं तिथे सांगतात. इंजिन वाचलं. 'थ्री स्पॉट' या लाडक्या नावाने ते आजही टू हार्बर्सच्या जुन्या स्टेशनाशेजारी उभं आहे.

दुसरी रेल्वे, डुलुथ, मिसाबे अँड नॉर्दर्न. खरी गोष्ट हिची आहे.

डुलुथमध्ये मेरिट नावाचं कुटुंब होतं. भाऊ आणि पुतणे मिळून सातजण. धंदा लाकडाचा. म्हणजे जंगलात महिनोन्‌महिने हिंडून कुठे किती झाडं आहेत याचा अंदाज घ्यायचा. असं हिंडताना त्यांच्या मनाने घेतलं की मिसाबी नावाच्या टेकड्यांच्या रांगेत लोखंड आहे. (मिसाबी हा तिथल्या मूळ ओजिब्वे लोकांचा शब्द, अर्थ 'राक्षस' किंवा 'महाकाय'. सुपीरियरच्या काठचा मोठा मुलूख ओजिब्वेंनी १८५४च्या करारात सरकारला सोडून दिला होता. डोंगराखाली काय आहे हे तेव्हा कोणालाच पुरतं माहीत नव्हतं.) जाणकारांनी मेरिटना वेड्यात काढलं. त्यांच्या ज्ञानाप्रमाणे लोहखनिज म्हणजे कठीण खडक, जमिनीत उभ्या शिरा, सुरुंग लावून फोडायचा. आणि हे लोक आणून दाखवत होते ती लाल मऊ माती!

१६ नोव्हेंबर १८९०ला त्यांच्या माणसांना आज जिथे माउंटन आयर्न गाव आहे तिथे खनिज लागलं. मऊ, भुसभुशीत, जवळजवळ आडवं पसरलेलं आणि वरच्यावर. खोल विहिरी नकोत, सुरुंग फार नकोत. माती बाजूला करा आणि वाफेच्या फावड्याने थेट वाघिणीत भरा. ज्या गोष्टीला तज्ज्ञ हसत होते तीच सगळ्यात मोठी सोय निघाली.

पण खनिज डोंगरात पडून राहिलं तर त्याची किंमत शून्य. मेरिटनी आधीच्या रेल्वेवाल्यांची दारं ठोठावली, कोणी रूळ टाकायला तयार होईना. तेव्हा त्यांनी स्वतःच रेल्वे काढली. लाकूडतोड्यांनी रेल्वे काढायची! १८९१मध्ये कंपनी झाली, ऑक्टोबर १८९२मध्ये माउंटन आयर्नचं खनिज दुसऱ्या एका रेल्वेच्या रुळांवरून सुपीरियर गावच्या धक्क्याला पोचलं. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण दुसऱ्याच्या रुळांवर आणि दुसऱ्याच्या धक्क्यावर किती दिवस अवलंबून राहायचं? त्यांनी डुलुथपर्यंत स्वतःचे रूळ आणि स्वतःचा धक्का बांधायला घेतला. सगळं कर्जावर. १८९३च्या उन्हाळ्यात काम पुरं झालं, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचा बाजार कोसळला.

१८९३ची मंदी मोठी होती. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या बुडाल्या. मेरिटना पैसा दिला जॉन डी. रॉकफेलरने. खाणी आणि रेल्वे एकत्र करून नवी कंपनी निघाली, मेरिटांचे शेअर तिच्यात गेले, आणि १८९४च्या सुरुवातीला कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी ते शेअर रॉकफेलरला १० डॉलर दराने विकले. वर्षभरात परत विकत घ्यायची मुभा होती. पण पैसे होतेच कुठे?

ते कोर्टात गेले. डुलुथच्या ज्यूरीने १८९५मध्ये त्यांच्या बाजूने ९ लाख ४० हजार डॉलरचा निकाल दिला. वरच्या कोर्टात तो टिकला नाही. १८९७मध्ये ५ लाख २५ हजारांवर तडजोड झाली. आणि त्यासोबत, आमची फसवणूक झालेली नाही, असं मेरिटना लिहून द्यावं लागलं. हे वाचताना मी जरा थांबलो. पैसे गेले हे समजू शकतं, मंदीत सगळ्यांचेच जातात. पण 'गेले त्यात कोणाचा दोष नाही' हे स्वतःच्या सहीने लिहून देणं... असो.

१९०१मध्ये यू. एस. स्टील ही प्रचंड कंपनी जन्माला आली आणि रॉकफेलरच्या खाणी तिच्या पोटात गेल्या. रेल्वेही गेली. डुलुथ अँड आयर्न रेंज दुसऱ्या वाटेने आली, पण तिथेच पोचली. एकाच मालकाच्या दोन रेल्वे तीस-पस्तीस वर्षं शेजारी शेजारी वेगळ्या चालल्या आणि १९३७-३८मध्ये एक होऊन डुलुथ, मिसाबे अँड आयर्न रेंज झाल्या.

आता आपल्या बुटक्या वाघिणींकडे येऊ. त्यासाठी धक्का कसा चालतो ते बघावं लागेल.

डुलुथचा सहा नंबरचा धक्का १९१८ सालचा. पोलादी सांगाडा, पाण्यात २३०४ फूट आत गेलेला, उंचीला आठ मजली इमारतीएवढा. वर रूळ. गाडी मागून ढकलत या पुलासारख्या धक्क्यावर न्यायची. रुळांच्या खाली कप्पे आहेत, एका बाजूला १९२, दुसऱ्या बाजूला १९२, एकूण ३८४. वाघिणीचं बूड उघडलं की खनिज खाली कप्प्यात. जहाज बाजूला येऊन लागलं की कप्प्याची पन्हळ खाली सोडायची, तिचं तोंड जहाजाच्या हॅचमध्ये, आणि खनिज आपसूक घरंगळत आत. क्रेन नाही, पंप नाही. सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं.

आता भागाकार करा. २३०४ भागिले १९२. उत्तर बरोब्बर १२. दर १२ फुटांना एक कप्पा. आणि वाघिणीची लांबी? २४ फूट, म्हणजे दोन कप्पे. गाडी एकदा उभी केली की प्रत्येक वाघीण एकाआड एक कप्प्यावर नेमकी येते. रिकामी केली, गाडी १२ फूट सरकवली की मधले कप्पे. आणि जहाजाच्या हॅच? त्याही २४ फुटांवर. एकाआड एक पन्हळ हॅचमध्ये जाते. जहाज १२ फूट सरकवलं की उरलेल्या.

म्हणजे वाघीण, धक्का आणि जहाज ही तीन वेगळ्या लोकांनी, वेगळ्या गावांत बनवलेली यंत्रं एकाच मापाने एकमेकांत बसतात. आमच्या भाषेत इंटरफेस.

हे माप आलं कुठून? मिसाबी रांगेतून नाहीच. त्याच्याही आधी, लेक सुपीरियरच्या दक्षिण काठावर, मिशिगनमधल्या मार्केट गावात (बाजाराचा संबंध नाही, फ्रेंच पाद्री मार्केट यांचं नाव) खनिजाचे लाकडी धक्के होते आणि त्यांच्या पन्हळी १२ फुटांवर होत्या. १८६९मध्ये क्लीव्हलंडला 'आर. जे. हॅकेट' नावाचं लाकडी जहाज बांधलं गेलं, तेव्हा या पन्हळींशी जमावं म्हणून त्याच्या हॅच २४ फुटांवर ठेवल्या. ते जहाज सोयीचं ठरलं, पुढची जहाजं तशी झाली. जहाजं तशी म्हणून नवे धक्के तसे. धक्के तसे म्हणून वाघिणी तशा. मेरिट बंधूंना मिसाबीचं खनिज सापडायच्या वीस वर्षं आधी त्यांच्या वाघिणीची लांबी ठरून गेली होती!

एकदा हे झालं की सुटका नाही. वाघीण लांब करायची तर धक्का मोडा, धक्का बदलायचा तर सगळी जहाजं बदला. म्हणून वाघिणी वाढल्या त्या उंचीने आणि ताकदीने. आधी लाकडी, वीस-पंचवीस टनी. मग पोलादी, ५० टनी. मग ७० टनी. लांबी २४ फुटांशीच अडकली. एवढाल्या लांबीत एवढं वजन, म्हणजे खालचे रूळ आणि पूल किती मजबूत हवेत बघा. ज्यांनी कधी जुन्या बँकेच्या सिस्टिममध्ये एका फील्डची लांबी वाढवायचा प्रयत्न केला आहे त्यांना मी आणखी काही सांगायला नको.

या साखळीतली आणखी एक कडी मला फार आवडली. डुलुथच्या वर टेकडीवर प्रॉक्टर नावाचं गाव आहे, तिथे या रेल्वेचं मोठं यार्ड. (गावाच्या नावाची गोष्ट: १८७१मध्ये केंटकीचे खासदार जे. प्रॉक्टर नॉट यांनी अमेरिकन संसदेत डुलुथची यथेच्छ टिंगल करणारं भाषण ठोकलं. ते इतकं गाजलं की डुलुथचं नाव देशभर झालं. पुढे शेजारच्या गावाला चक्क त्यांचंच नाव, प्रॉक्टरनॉट. मग त्याचं प्रॉक्टर झालं.) खनिज सगळं सारखं नसतं. कुठे लोखंड जास्त, कुठे सिलिका, कुठे फॉस्फरस. खाणीवर नमुने घेत, गाडी वाटेत असताना प्रयोगशाळेत त्यांचं पृथक्करण होई, आणि प्रॉक्टरला पोचेपर्यंत कुठल्या वाघिणीत काय आहे ते कळलेलं असे. त्याप्रमाणे वाघिणी तोडून-जोडून अशा लावायच्या की जहाजात पडेल तेव्हा गिऱ्हाइकाने मागितलेलं मिश्रण तयार. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी हे सॉर्टिंग कागद, पेन्सिल आणि शंटिंगवर चालायचं.

प्रॉक्टरपासून धक्क्यापर्यंत उतार आहे, शंभर फुटांना सव्वादोन फुटांच्या जवळपास. भरलेल्या गाड्या उतरायच्या, रिकाम्या चढायच्या. निसर्गाने इथे रेल्वेवर मेहेरबानीच केली. पण उतरताना ब्रेक दगा देणार नाहीत याची चिंता चढण्याच्या चिंतेपेक्षा मोठी.

आणि खाणींपासून प्रॉक्टरपर्यंत मैलोन्‌मैल ते वजन ओढायला हवीत दांडगी इंजिनं. इथे आपली २२७ येते.

१९४१मध्ये, युद्धाची चाहूल लागलेली असताना, रेल्वेने बाल्डविनकडून आठ इंजिनं घेतली, नंबर २२० ते २२७. १९४३मध्ये आणखी दहा, २२८ ते २३७. या चाकरचनेचं नाव यलोस्टोन. नाव दुसऱ्या एका रेल्वेने आधीच दिलेलं. मिसाबेची ओढायची ताकद १ लाख ४० हजार पाउंड. शंभर-दीडशे वाघिणींची गाडी एकटं इंजिन ओढायचं. एवढं लांब यंत्र वळणावर वळावं म्हणून पुढचा चाकांचा संच बिजागरीवर फिरणारा, बॉयलर मात्र एकच. उत्तर मिनेसोटाच्या थंडीसाठी ड्रायव्हरची केबिन बंदिस्त. हिवाळ्यात लेक गोठला की जहाजं बंद, खनिजाची वाहतूक बंद. मग युद्धकाळात यातली काही इंजिनं कोलोरॅडोतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्नला उसनी जायची. हंगामी कामगारच म्हणा ना!

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या पोलादाचा मोठा हिस्सा याच डोंगरांतून आला. रणगाडे, जहाजं, पूल, सगळं आधी या चोवीस फुटी वाघिणीतून गेलं. १९५३ साली या एका रेल्वेने जवळजवळ ५ कोटी टन खनिज वाहिलं. तो कळस.

कळसानंतर काय, ते सांगायला नकोच. चांगलं खनिज संपत आलं होतं. आणि वाफही. १९५६पासून रेल्वेने एसडी-९ जातीची डिझेल इंजिनं घ्यायला सुरुवात केली, तीन-चार वर्षांत सत्तरहून जास्त. दिसायला अगदीच ठोकळा. पण दोन-तीन एकत्र जोडून एकाच ड्रायव्हरला चालवता येतात, पाणी मागत नाहीत, बॉयलर धुवावा लागत नाही. १९६०च्या आसपास यलोस्टोनचं काम संपलं. म्हणजे २२७चं कामाचं आयुष्य वीस वर्षंही नाही! अठरांपैकी तीन उरली: डुलुथला २२७, प्रॉक्टरला २२५, टू हार्बर्सला २२९. बाकीची भंगारात, म्हणजे परत पोलादाच्या भट्टीत. जिथून आली तिथे.

डिझेलवाली मात्र मेली नाहीत. कापून, दुरुस्त करून, नव्याने बांधून पुढे कित्येक दशकं राबली. म्युझियममध्ये त्यांच्यापुढे गर्दी नसते. १९९०च्या दशकात तर या रेल्वेने सिएरा नेवाडाच्या लांब बोगद्यांसाठी मुद्दाम रचलेली जुनी 'टनेल मोटर' इंजिनं विकत घेऊन मिनेसोटाच्या जंगलात पळवली. चालतंय ना? मग झालं.

चांगलं खनिज संपल्यावर गावं उठली असती. काही उठलीच. खाण हिबिंग गावाच्या खाली शिरली तेव्हा १९१९पासून घरं उचलून गाव बाजूला सरकवलं होतं, आता खाणच बंद पडायची वेळ. (बॉब डिलन याच हिबिंगचा. जन्म डुलुथचा, १९४१चा, म्हणजे २२७चा बरोबरीचा. त्याचं 'नॉर्थ कंट्री ब्लूज' खाण बंद पडलेल्या गावाचं गाणं आहे.) वाचवलं ते टॅकोनाइटने. हा कठीण खडक, लोखंड जेमतेम पाव-तीस टक्के, पूर्वी टाकाऊ मानलेला. मिनेसोटा विद्यापीठाच्या ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी दशकानुदशकं त्यावर काम केलं: पिठासारखा बारीक दळा, चुंबकाने लोखंड वेगळं करा, गोळ्या वळा, भाजा. गोट्यांएवढ्या गोळ्यांत लोखंड साठ टक्क्यांच्या वर. यू. एस. स्टीलचा मोठा कारखाना १९६७मध्ये सुरू झाला, कुठे? माउंटन आयर्नला. मेरिटांच्या पहिल्या खाणीच्या गावात.

गोळ्या मातीपेक्षा हलक्या. वाघीण वजनाने भरायच्या आधी आकाराने भरू लागली. उपाय? वाघिणीच्या भिंतींवर पट्ट्या जोडून त्या उंच केल्या. चार-चार वाघिणी कायमच्या एकत्र जोडल्या. लांबी? तीच. १९७०च्या दशकात हजार फुटी जहाजं आली, १०५ फूट रुंद. जुन्या पन्हळी त्यांच्या पार पलीकडे पोचेनात, मग धक्क्यांवर कन्व्हेयर बसवले. वाघिणी मात्र बुटक्याच.

पुढची मालकीबदलं भराभर सांगतो. १९८८मध्ये यू. एस. स्टीलने रेल्वे वेगळ्या कंपनीत टाकली, २००१मध्ये आणखी एक कंपनी, २००४मध्ये कॅनेडियन नॅशनलने विकत घेतली, २०११च्या अखेरीस डुलुथ, मिसाबे अँड आयर्न रेंज हे नाव कायद्यातूनही पुसलं गेलं.

म्हणजे हिशेब असा. ज्यांनी ही रेल्वे बांधली त्यांच्या हातात ती वर्षभरही राहिली नाही. जे इंजिन बघायला आपण जातो ते वीस वर्षंही चाललं नाही. खनिज बदललं, मालक बदलले, नाव गेलं. आणि एका लाकडी धक्क्यावर कुणीतरी, बहुधा हाताशी असलेल्या लाकडाच्या हिशेबाने, दोन पन्हळींत ठेवलेलं १२ फुटांचं अंतर दीडशे वर्षं टिकलं. त्या माणसाचं नाव मला कुठे सापडलं नाही. त्याला म्युझियम नाही.

सोमवारी ऑफिसात आलो. नव्या प्रोजेक्टच्या एका फाइल फॉरमॅटवर चर्चा होती. 'आत्ता काहीतरी ठेवू, नंतर बदलू' असं कोणीतरी म्हणालं. एरवी मीच म्हणतो. या वेळी मात्र मी म्हटलं, जरा थांबा, अजून एक दिवस देऊ याला.